प्रत पाठवली

इंग्लंडात लेकराला कोणी बडवत असेल तर आमच्या खात्याची माणसं कोर्टाचा हुकूम घेऊन दार फोडून आत जाऊ शकतात. म्हाताऱ्या बापाला कोणी बडवत असेल, तर मी पायरीवर उभं राहायचं, बेल वाजवायची आणि विचारायचं, "आत येऊ का?" नाही म्हटलं की गुमान परत फिरायचं. वर स्कॉटलंडात निदान आत जाण्याचा हुकूम तरी मिळतो. आमच्याकडे तोही नाही. मोठं माणूस आहे, त्याचं घर, त्याची मर्जी. हॉबरीच्या नगरपालिकेत सत्तावीस वर्षं मी हेच काम केलं. म्हाताऱ्यांची, अपंगांची त्यांच्याच घरी सोय लावून द्यायची. कलमं मला तोंडपाठ होती. नव्या मुलींना मीच शिकवायचे, "डॉट रॅम्सडेनला विचारा" असं ऑफिसात सगळे म्हणायचे. आणि त्याच डॉट रॅम्सडेननं शेण खाल्लं. ते कसं, तेच सांगते.

ऑक्टोबरात बर्नाडेटचा फोन आला. बर्नाडेट म्हणजे घरोघरी जाऊन जखमा बांधणारी नर्स. बाईनं युद्धावरच्या शिपायांच्या जखमा बांधल्या आहेत, उगाच घाबरणारी नाही.

"डॉट, विल्फ ऑल्डरसनच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा आहे."

"म्हणजे भाजलंय?"

"ठसा म्हणतेय मी. अख्खा. टोकासकट."

विल्फ एक्क्याऐंशीचा. जन्म दगडखाणीत गेला. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्याची मुलगी जॅनिस, छप्पन्न वर्षांची, नवऱ्याला आणि मटण भरलेल्या पेस्ट्र्या बनवायच्या कारखान्यातल्या नोकरीला सोडून बापाचं करायला घरी आली होती. सगळी गल्ली तिचं कौतुक करायची. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं म्हणे.

मी गेले तर तिनं हसून दार उघडलं, चहा दिला, वर जामाचा केक. विल्फ खुर्चीत. त्याचा डावा कान वांग्यासारखा सुजलेला.

"कानाला काय झालं?" मी विचारलं.

"पडला," जॅनिस म्हणाली.

"आणि पाठीला?"

"तेही पडलाच."

"इस्त्रीवर? पाठ उघडी करून?"

"याचं काही सांगू नका बाई," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. मस्तकात तिडीक गेली माझ्या. पण मारणाऱ्याच्या समोर मार खाणाऱ्याला प्रश्न विचारायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी केक गिळला आणि निघाले.

दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा क्लब भरतो. गाडी येऊन घेऊन जाते, जेवायला मटणाचा रस्सा आणि उकडलेले बटाटे, मग पत्ते. तिथल्या मागच्या स्वयंपाकघरात मी विल्फला गाठलं. दार लावून घेतलं.

"कोण मारतं तुम्हाला?"

तो हसला, अर्ध्याच तोंडानं. "तुला ठाऊक आहे पोरी. कशाला विचारतेस?"

"तुमच्या तोंडून हवंय."

"जॅनिस. पळीनं मारते. बिछाना ओला झाला की जास्त. इस्त्री एकदाच."

"तिला दूर करता येईल विल्फ. पोलिसांना सांगू. नाहीतर तुम्हाला चांगल्या आश्रमात जागा बघते, उद्याच्या उद्या."

"काही नको."

"अहो, मारून टाकेल एखाद्या दिवशी!"

मग त्यानं मला सांगितलं. डाव्या हातानं टेबलावरचं पातेलं सरकवत, शब्द चघळत चघळत, पण सांगितलं सगळं. त्याची बायको एडिथ. शनिवारी दारू पिऊन आला की तो तिला मारायचा, नुसती चापट-बिपट नाही, खाणीतल्या हातांनी. एका शनिवारी त्यानं तिचा जबडा मोडला. जॅनिस तेव्हा सहा वर्षांची, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली. एडिथ जिन्यावरून पडली असं डॉक्टरला सांगितलं, गल्लीला सांगितलं, पोरीलाही सांगितलं. पोरगी म्हणायची, मी पाहिलं. हा म्हणायचा, तुला स्वप्न पडलं. एडिथ मरेपर्यंत पेजेवर आणि पातळ पुडिंगवर राहिली, आणि हा पन्नास वर्षं स्वप्नच म्हणत राहिला.

"मी तिच्या आईचा जबडा मोडला," विल्फ म्हणाला. "ती टेबलाखाली होती, मला माहीत होतं. आता ती मला मारते. मारू दे. पण मी तुला हे सांगितलं ते तिला कळता कामा नये. शपथ घे."

"अहो, तिलाच सांगा ना. ते ऐकायलाच ती मरतेय, कळत नाही का?"

"तोंड उघडत नाही माझं तिच्यासमोर. शपथ घे म्हटलं ना!"

मी शपथ घेतली.

आता कायदा काय म्हणतो? माणसाला समजतं का, लक्षात राहतं का, बऱ्या-वाईटाचा विचार करता येतो का, आणि काय ठरवलं ते सांगता येतं का. चारही जमत असेल तर निर्णय त्याचा. मूर्खपणाचा असला तरी त्याचाच. विल्फ चारही बाबतींत माझ्यापेक्षा शहाणा निघाला. एक गोष्ट मात्र त्यानं मान्य केली: सकाळ-संध्याकाळ मदतनीस येईल, त्याला धुईल-पुसेल, बिछाना बदलेल. ओला बिछाना जॅनिसच्या दृष्टीलाच पडणार नाही. तेवढा मार वाचेल. त्यासाठी त्याच्या गरजांचा अहवाल लिहून मंजूर करून घ्यायला हवा होता. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत करते.

केला. अहवाल माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो, तरच त्याचं गाऱ्हाणं ऐकू येतं, हेही मीच मुलींना शिकवायचे. म्हणून अवतरणचिन्हं घालून लिहिलं, सगळं, जबड्यासकट. संगणकातल्या फाईलवर लाल अक्षरांत शेरा टाकला: मुलीला दाखवू नये. प्रतीत तो छापला जात नाही.

शुक्रवारी साडेचार वाजता आमचा साहेब कॉलिन टेबलाशी येऊन उभा राहिला. "डॉट, पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येतायत. तुझ्या सात फायली उघड्या दिसतायत पडद्यावर. बंद कर बाई, पाया पडतो."

"मदतनीस सोमवारपासून मिळेल ना विल्फला?"

"फाईल बंद झाली की लगेच. संगणक त्याशिवाय पुढे सोडतच नाही."

सात फायली मी पंचवीस मिनिटांत बंद केल्या. प्रत्येकीच्या शेवटी एक चौकोन असतो: अहवालाची प्रत संबंधित व्यक्तीला दिली. कायदाच आहे तसा, आणि चांगला कायदा आहे. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ते वाचायला मिळालंच पाहिजे. चौकोनावर बोट मारलं की तळघरातलं यंत्र प्रत छापतं, पाकिटात घालतं, टपालात टाकतं. कायदा म्हणतो, द्या. टपालानं घरी पाठवा, असं कुठेही म्हणत नाही. मंगळवारी क्लबात नेऊन हातात देता आली असती, वाचून दाखवून परत आणता आली असती. मी सातही चौकोनांवर बोट मारलं, कोट चढवला आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी मदतनिसाची वेळ पक्की करायला विल्फची फाईल उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: प्रत पाठवली, श्री. विल्फ ऑल्डरसन, राहता पत्ता.

लुळ्या हाताचा माणूस, त्याचं सगळं टपाल जॅनिस फोडते. मी घरी फोन लावला. वाजत राहिला. कॉलिनला म्हटलं, "पोलिसांना पाठव," आणि गाडीच्या किल्ल्या घेऊन पळाले. पाठीमागून तो "काय सांगून पाठवू? कोणी तक्रार केलीय का?" असं ओरडत होता. गाढव.

गल्लीच्या तोंडाशी टपालवाला खाली येताना दिसला. काच खाली करून विचारलं, "ऑल्डरसनकडे टाकलंस काही?"

"टाकलं की. वीस मिनिटं झाली. नगरपालिकेचं होतं."

दाराबाहेरूनच ऐकू आलं. आधी धप्प असा आवाज, पोतं पडल्यासारखा. मग जॅनिसचा आवाज, "म्हण! मला म्हण!" मग पुन्हा धप्प. मी बेल वाजवली. दार बडवलं. "जॅनिस! दार उघड! डॉट आहे!" दारातल्या टपालाच्या फटीचं झाकण वर केलं आणि डोळा लावला. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. विल्फ फरशीवर कुशीवर पडलेला. जॅनिसनं त्याचा वॉकर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो त्याच्या कमरेवर उतरला. हाड मोडल्याचा आवाज कसा असतो ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"त्या बाईला सांगितलंस ना? हे बघ, लिहिलंय इथं! मला म्हण! माझ्या तोंडावर म्हण!"

विल्फ ओठ मिटून पडला होता. हू का चू नाही.

मी पोलिसांना फोन लावला. "माणूस मारतायत, माझ्या डोळ्यांसमोर." पत्ता दिला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी चौदा मिनिटांत पोचेल, तुम्ही आत जाऊ नका. जीव वाचवायला पोलिसांना दार फोडता येतं. मला माझ्या हुद्द्यानं पायरीवर उभं राहता येत होतं. मी उभी राहिले. आणखी तीन फटके ऐकले. तिसऱ्याला विल्फच्या तोंडून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघाला.

खड्ड्यात गेला हुद्दा. पायरीवरची फुलझाडाची कुंडी उचलली आणि दाराच्या काचेत घातली. आत हात घालून कडी काढली. मनगट फाटलं, ते नंतर कळलं. बोळ ओलांडून आत गेले. शेगडीपाशी कोळसे ओढायचं लोखंडी फावडं उभं होतं, ते उचललं आणि जॅनिसच्या कोपरावर मारलं. वॉकर पडला. ती वळली. तिचा चेहरा पांढराफटक होता आणि गालांवर विल्फचं रक्त उडालेलं. तिनं माझे केस धरले आणि माझं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. दात मोडून जिभेवर आला. कारखान्यात तीस वर्षं कणीक तिंबलेली बाई, हातांत काय ताकद होती! मी फावडं आंधळेपणानं फिरवलं, ते तिच्या कानशिलावर बसलं आणि ती गुडघ्यांवर आली. हात खाली सोडले. संपलं होतं. तिच्यात काही उरलं नव्हतं, मला स्पष्ट दिसत होतं.

आणि मी तिला तिसऱ्यांदा मारलं. पाठीवर, सगळ्या जोरानं. चौथ्यांदा फावडं वर गेलं तेव्हा फरशीवरून विल्फ ओरडला.

"मारू नको तिला! माझी पोर आहे ती!"

फावडं माझ्या हातात तसंच राहिलं. जॅनिस गुडघ्यांवरच हसायला लागली. कपाळावरून रक्त वाहत होतं आणि ही हसत होती.

"वा रे बाप! आता आठवली पोर? आईला मारत होतास तेव्हा कुठं होती तुझी पोर?"

"टेबलाखाली," विल्फ म्हणाला.

"तुझा पाय बाहेर दिसत होता," तो म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द ओढून काढत होता. "लाल मोजा होता. मी बघितलं तुला. बघूनही थांबलो नाही. जबडा मी मोडला जॅनिस. स्वप्न नव्हतं. कधीच नव्हतं."

जॅनिस रांगत त्याच्यापाशी गेली. मी फावडं पुन्हा घट्ट धरलं. तिनं अंगातला स्वेटर काढला, घडी केली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवला. मग त्याच्याशेजारी फरशीवर आडवी झाली आणि तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडली. पोलीस आले तेव्हा ती दोघं तशीच होती आणि मी सिंकमध्ये रक्त थुंकत होते.

हवालदार समजूतदार होता. म्हणाला, "जीव वाचवायला आत शिरलात, त्याला कोणी काही म्हणणार नाही. पहिला फटका कळला. दुसराही कळला. तिसरा कशाला?"

"राग आला होता."

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यानं लिहिलं. कॉलिननं मला त्याच दुपारी कामावरून घरी बसवलं. ऑल्डरसन कुटुंबातल्या कोणाशीही संपर्क करायचा नाही, असा कागद दिला. पत्र कसं गेलं ते मी त्याला आधीच लिहून दिलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्यालाही ठाऊक होतं, शुक्रवारी टेबलाशी कोण उभं होतं ते.

विल्फची कंबर आणि चार बरगड्या मोडल्या होत्या. जॅनिसला जामिनावर सोडलं, अट एकच: बापाच्या जवळ जायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही, निरोपही नाही. ती चुलतबहिणीकडे राहायला गेली. पुढचं मला बर्नाडेटकडून कळत होतं. शुद्धीवर आला तसं विल्फनं जॅनिसला बोलवा म्हणून सांगितलं. नर्सला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, माझ्या जागी आलेल्या मुलीला सांगितलं. तिनं बिचारीनं रीतसर चारही प्रश्न विचारले. चारही जमले. तिनं लिहिलं: यांना मुलीला भेटायचं आहे, हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. पण अट पोलिसांची. ती विल्फच्या संरक्षणासाठी, आणि विल्फच्या म्हणण्यावर ती सुटत नाही. अर्ज करा म्हणाले. अर्ज केला. बघणारा अधिकारी सोमवारी येईल म्हणाले. सोमवारी आला, तर फाईल दुसऱ्या टेबलावर. इस्त्रीचा ठसा उठत होता तेव्हा जो कायदा बेल वाजवून परत जात होता, तो आता इस्पितळाच्या दारात पाय रोवून उभा होता. मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरातली बशी भिंतीवर फोडली. आणखी काय करणार होते?

विल्फच्या छातीत पाणी झालं. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं बर्नाडेट म्हणाली.

संपर्क करायचा नाही असा कॉलिनचा तो कागद मी फाडून टाकला आणि जॅनिसच्या चुलतबहिणीच्या घरी गेले. जॅनिसनं दार उघडलं. डोक्याला टाके, हात गळ्यात बांधलेला. तिला कळलं होतं. मला बघून तिनं दार लावलं नाही, उलट बाजूला झाली.

"या," म्हणाली. "बसा. चहा टाकते."

"नको."

"मला बोलावत होता?"

"रोज. सगळ्यांना सांगत होता. तुला त्याच्यापाशी येऊ दिलं नाही त्यांनी."

तिनं मान हलवली. टेबलावर तो अहवाल होता, घड्या घालून घालून मऊ झालेला. कोपरा तपकिरी झालेला. तिनं तो डाव्या हातानं सरळ केला.

"हे यातलं," ती म्हणाली, "हे त्याचेच शब्द ना? तुम्ही नीटनेटके नाही केलेत?"

"त्याचेच."

"मला पहिल्यांदा राग आला. तुम्हाला परकीला सांगितलं म्हणून. मग इथं बसून पुन्हा पुन्हा वाचलं. तोंड उघडत नव्हतं त्याचं माझ्यासमोर, लहानपणापासून ओळखते मी त्याला. म्हणून त्यानं तुमच्याकडून लिहवून घेतलं. मला मिळावं म्हणून घरी पाठवायला लावलं. हो ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणायला काय लागत होतं? तिचंही निभावलं असतं आणि त्या दिवसापुरतं माझंही. पण मार्चमध्ये मृत्यूची चौकशी होती, तिथं शपथेवर सांगावंच लागणार होतं आणि ती समोर बसून ऐकणार होती. आणि त्या घरात पन्नास वर्षं तिला खोटं सांगूनच झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यानं मला शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. पत्र माझ्या चुकीनं गेलं. शुक्रवार होता. मी न बघता बोट मारलं."

जॅनिसनं कागदावरचा हात काढला. मग तिनं चांगल्या हाताची मूठ आवळली आणि माझ्या तोंडावर मारली, दात मोडला होता त्याच बाजूला. मी भिंतीवर आदळले. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि ती थांबली. खुर्चीवर बसली, आणि तो कागद छातीशी धरला.

"अकरा दिवस," ती म्हणाली, "मला वाटत होतं, बाबांनी मला पत्र पाठवलं."